नॉमिनी बाईच असते

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन मी इथं बेळगावात बँकेत गेले होते. आप्पा गेल्यावर त्यांच्या विम्याचे आणि पीएफचे जे पैसे आले त्याची ठेव केली होती, तिची मुदत संपली होती, ती पुन्हा ठेवायची, एवढंच काम. शनिवार असल्यामुळं गर्दी, ओल्या छत्र्यांचा नाही तर थंडीतल्या स्वेटरांचा तो एक कोंदट वास, आणि आई पिशवी छातीशी धरून बाकावर बसलेली. काउंटरवरचा मुलगा पंचवीस-सव्वीसचा असेल, मराठी समजतं त्याला पण तोंडात आधी कन्नडच येतं. आमचा नंबर आल्यावर त्यानं आईकडं बघून अगदी मऊ आवाजात विचारलं, "अज्जी, नॉमिनी यारु?" आईला कन्नड येतं, शहापूरच्या बाजारात जन्मभर भाजी घेतलेली बाई ती, तिला दुभाषी लागत नाही. तिनं माझ्याकडं हात केला आणि म्हणाली, "कोण म्हणजे काय, हीच की. नॉमिनी बाईच असती न्हवं?"

मी हसले. तो मुलगाही जरा हसला. आणि मग मी माझ्या शाळेतल्या आवाजात आईला समजावलं, तसं काही नसतं गं, नॉमिनी पुरुषपण चालतो, कुणीपण चालतं, ज्याचं नाव आपण देतो तो नॉमिनी, पैसे त्याला मिळतात. आईनं फॉर्मवरची हिंदीतली ओळ बोटानं दाखवली, कारण त्या फॉर्मवर कन्नड, हिंदी आणि इंग्लिश असं तीन भाषांत लिहिलेलं होतं आणि त्यातली तिला वाचता येण्यासारखी अक्षरं फक्त हिंदीचीच. तिथं 'नामिती' असं छापलेलं. "बघ की, नामिती लिवलंय. सुमती, मालती, नामिती. बाईचंच हाय ते." मी म्हटलं, नाही आई, तो नुसता शब्द तसा आहे. तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं, मग फॉर्मकडं बघितलं. "असं हाय व्हय," म्हणाली, "मग दादाचं घाल."

मी घातलं. माझ्याच हातानं, माझ्याच पेनानं, पुण्याला असणाऱ्या माझ्या भावाचं नाव.

बाहेर आल्यावर आम्ही चहा घेतला, आईनं नातवासाठी पाव किलो कुंदा घेतला, रिक्षा केली, सगळं नेहमीसारखं. पण रात्री भांडी लावताना ते वाक्य परत कानात आलं, आणि मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आता महिने झाले तरी येतंय.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलात इंग्लिश शिकवते. शब्दाच्या शेवटी लागणारे तुकडे, म्हणजे सफिक्स, हा धडा मी इतक्या वेळा घेतलाय की खडू हातात आला की तक्ता आपोआप फळ्यावर उतरतो. डावीकडं 'अर' आणि 'ऑर' वाले, उजवीकडं दोन ई वाले. एम्प्लॉयर, एम्प्लॉयी. ट्रेनर, ट्रेनी. पेअर, पेयी. मधे बाण. डावीकडचा करतो, उजवीकडच्यावर ते केलं जातं, किंवा डावीकडचा देतो, उजवीकडचा घेतो, लिहून घ्या, एका मार्काला येतं. जुलैमधे आमच्याकडं पाऊस असा की कौलांवरच्या आवाजात माझाच आवाज मला ऐकू येत नाही, पोरं गोणपाटाच्या खोळी घेऊन चिखलातून चालत आलेली, बोटं गारठलेली, आणि मी त्यांना सांगतेय की जगात दोन प्रकारची माणसं असतात, एक 'ऑर' आणि एक 'ई'. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. धड्यात आहे ते शिकवायचं. पण आता वाटतं की त्या उजवीकडच्या रांगेत नेमकं कोण कोण उभं आहे हे मी कधी बघितलंच नव्हतं.

आईनं मात्र बघितलं होतं. आप्पा उद्यमबागेत फौंड्रीत होते, बत्तीस वर्षं मोल्डिंगला. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळीमागं काळी वाळू असायची, जळक्या लोखंडाचा वास अंगाला, आंघोळीच्या पाण्यातसुद्धा तो यायचा. आमच्या गल्लीतले निम्मे बाप तसेच. त्यांच्या सगळ्यांच्या कागदांवर, पीएफच्या, एलआयसीच्या, पतसंस्थेच्या शेअरच्या, एका रकान्यात बायकोचं नाव असायचं. एजंट घरी यायचा, आप्पा सही करायचे, एजंट विचारायचा नॉमिनी? आणि आप्पा स्वयंपाकघराकडं मान करायचे. गल्लीतल्या कुठल्याच घरात नॉमिनी पुरुष नव्हता. मग आईच्या कानाला तो शब्द कसा लागला असेल? वाघीण, मास्तरीण, मालकीण, आणि मोहिनी, सुहासिनी, भगिनी, नॉमिनी. जिचा नवरा कमावतो आणि जिचं नाव त्याच्या कागदावर असतं ती नॉमिनी. कुंकवासारखंच काहीतरी, फक्त ते कागदावर लावायचं. "आप्पाच्या समद्या कागदावर मीच हुतो की," असं ती म्हणते. हो, 'हुतो'. आमच्या भागातल्या जुन्या बायका मी आलो, मी गेलो असंच बोलतात, स्वतःबद्दल बोलताना त्यांना बाईपण लावावं लागत नाही. मीसुद्धा घरी तसंच बोलते, शाळेत आणि इथं लिहिताना 'आले, गेले' म्हणते. पण दुसऱ्यानं आपल्याला काय म्हणायचं ते शब्द मात्र बाईचे, आणि नॉमिनी हा शब्द दुसऱ्यानंच तिच्यासाठी उच्चारलेला.

मग मी शोधायला बसले. माझ्याकडं जुनी जाड डिक्शनरी आहे, बी.एड.ला असताना घेतलेली, कडेनं फाटलेली. त्यातून आणि इकडून तिकडून जे कळलं ते असं की हा दोन ईंचा तुकडा मुळात इंग्लिशचा नाहीच. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन लोकांचं राज्य आलं, त्यांच्याबरोबर त्यांची फ्रेंच आली, आणि पुढं कित्येक शतकं तिथल्या कोर्टकचेरीत ती फ्रेंच चालत राहिली. लोक बोलायचे एक, निकाल दुसऱ्याच भाषेत. (बेळगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.) त्या वकिली फ्रेंचमधे 'झालेलं, केलेलं, दिलेलं' अशा रूपाच्या शेवटी एक ए असा आवाज यायचा, त्याचा इंग्लिशमधे ई झाला. जमीन भाड्यानं देणारा लेसर, ज्याला दिली तो लेसी. दान देणारा डोनर, ज्याला दिलं तो डोनी. म्हणजे हे सगळे शब्द जमिनीच्या, पैशाच्या, वारशाच्या कागदांतून जन्माला आले, कवितेतून नाही, आणि अजूनसुद्धा त्यांना त्या कागदांचाच वास येतो.

पण ज्या ओळीपाशी मी थांबले ती वेगळी होती. फ्रेंचमधे हाच शब्द बाईसाठी लिहायचा झाला तर शेवटी अजून एक 'ई' अक्षर जोडतात. पुरुष असेल तर एक, बाई असेल तर दोन. लग्न ठरलेला मुलगा आणि लग्न ठरलेली मुलगी, दोघांनाही फियान्से म्हणतात, ऐकायला सारखंच, पण लिहिताना मुलीला एक ई जास्त. इंग्लिशमधे मात्र दोन ई पुरुष-बाई सगळ्यांना सरसकट लागतात. म्हणजे शेवटी दोन ई दिसले की ही बाई आहे असं समजणं, फ्रेंचच्या हिशोबानं, अगदीच चूक नव्हतं.

तिथं त्या काउंटरवर मी हसले होते.

मराठीत या ईला नक्की काय म्हणायचं यावर मी बरेच दिवस घालवले. शेतकरी, वारकरी, माळी, तेली, यातला आपला ई काहीतरी करणाऱ्याचा आहे, म्हणजे इंग्लिशच्या अगदी उलट. देणेकरी आणि घेणेकरी, दोघंही 'करी'च, घेणारासुद्धा काहीतरी करतो असं आपली भाषा मानते. मग इंग्लिशच्या त्या ईचं काम आपल्याकडं कोण करतं? तर संस्कृतातून आलेला तो 'इत', आणि त्याच घरातले 'त' आणि 'क्त'. पीडित, वंचित, निलंबित, नियुक्त. तेही 'झालेलं, केलेलं' याचंच रूप, वकिली फ्रेंचसारखं. ट्रस्टीला आपण विश्वस्त म्हणतो, ज्याच्यावर विश्वास ठेवला गेला तो. दोन भाषा कुठल्या कुठं, आणि घाट एकच. पण सगळीकडं तसं जुळत नाही, आणि जिथं जुळत नाही तिथं जास्त बघण्यासारखं आहे. रेफ्यूजी घ्या. १६८५ मधे फ्रान्सच्या राजानं प्रोटेस्टंट लोकांना दिलेलं संरक्षण काढून घेतलं, ते हजारोंनी देश सोडून पळाले, त्यातले जे इंग्लंडला आले त्यांच्यासाठी इंग्लिशमधे हा शब्द आला. रेफ्यूज म्हणजे आसरा, म्हणजे रेफ्यूजी हा शब्द माणूस कुठं पोचला ते सांगतो. आपण त्यालाच निर्वासित म्हणतो, म्हणजे घरातून बाहेर काढलेला. माणूस एकच, इंग्लिश त्याला समोरून बघतं, दार उघडलेल्या घराच्या उंबऱ्यावरून, आणि मराठी त्याला पाठीमागून बघते, जे घर सुटलं तिथून. थंडीत आमच्या इथं रस्त्याच्या कडेला तिबेटी बायका स्वेटर विकायला बसतात, त्यांच्यातल्या कित्येक इकडंच कर्नाटकात जन्मलेल्या, त्या पैसे मोजताना अस्खलित कन्नडात मोजतात, त्यांना यातलं कुठलं नाव लावायचं मला कळत नाही.

आणि विस्थापित. माझी थोरली मावशी हुक्केरीकडची, हिडकलचं धरण झालं तेव्हा तिच्या सासरचं शेत पाण्याखाली गेलं. घटप्रभेच्या त्या पाण्यात हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं, दगडांना चिखलाची पातळ साय धरलेली असते, लोक चालत जाऊन दर्शन घेतात. मावशी एकदा मला घेऊन गेली होती. देवळापासून थोडं पुढं जाऊन एका जागी ती उभी राहिली, सगळीकडं नुसता भेगाळलेला गाळ, आणि म्हणाली, "इथं आमचा गोठा." तिच्या नावापुढं सरकारी कागदात विस्थापित असं लिहिलेलं होतं, तो शब्द तिला नीट उच्चारतापण यायचा नाही. ती सांगायची, आम्ही धरणातले. जणू अजून आतच आहेत.

दत्तक हा शब्द तर आमच्या जिल्ह्याला फारच जवळून माहीत. दत्त म्हणजे दिलेला, इंग्लिशमधे अॅडॉप्टी. कित्तूरच्या राणी चेन्नम्मानं शिवलिंगप्पाला दत्तक घेतलं, कंपनी सरकारनं ते मानलं नाही, आणि १८२४ मधे लढाई झाली, कलेक्टर थॅकरे त्यात मारला गेला, राणी शेवटी बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत वारली. आम्ही शाळेत ही गोष्ट तलवारीची म्हणून शिकलो, पण मुळात ती एका कागदावरच्या रकान्याची आहे. आपल्यामागं कुणाचं नाव लावायचं हे एका बाईनं ठरवलं आणि साहेब म्हणाला, हे नाव चालणार नाही.

सगळे ईवाले असे हात पसरून उभे नसतात, हेपण सांगितलं पाहिजे, नाहीतर माझ्या फळ्यावरच्या तक्त्यासारखंच होईल. अॅब्सेंटीला कुणी गैरहजर करत नाही, तो स्वतःच येत नाही. एस्केपी स्वतः पळतो. बसमधे उभं राहून जाणारा स्टँडी, त्याला कोण उभा करतं? खरं तर जागा नसते म्हणून तो उभा असतो, त्यामुळं त्या ईत थोडं तथ्य असेलही. आणि काही ई तर नुसते वेशांतर केलेले आपलेच लोक. माझे आजोबा मराठा पलटणीत होते, त्यांच्या लोखंडी ट्रंकेत खाकी लोकरीच्या दोन लांब पट्ट्या होत्या, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळायच्या, डांबरगोळ्यांचा वास येणाऱ्या. इंग्लिश डिक्शनरीत 'पटी' म्हणून जो शब्द आहे, शेवटी दोन ई लावलेला, तो म्हणजे ही पट्टी. आणि डंगरी, ती तर मुंबईच्या डोंगरीची, तिथल्या जाड्याभरड्या कापडावरून. साहेबानं ऐकलं आणि शेवटी ई जोडून आपल्या रांगेत उभं केलं.

कमिटीचं कळल्यावर मी ते दोनदा वाचलं. आधी कमिटी म्हणजे एकच माणूस असायचा, ज्याच्यावर एखादं काम सोपवलंय असा एकटा माणूस, मागाहून त्याचा घोळका झाला. आणि रेफरी म्हणजे ज्याच्याकडं भांडण नेलं जातं तो. शिट्टी वाजवणारा नाही, ज्याच्यावर दोघांनी मिळून भांडण सोपवलं तो. बेळगावात नुसतं 'समिती' म्हटलं की कुठली हे कुणी विचारत नाही, महाराष्ट्र एकीकरण समितीच, आणि रेफरी म्हटलं की मला तरी सीमावादावरचा महाजन आयोगच आठवतो. १९६६ मधे महाराष्ट्राच्याच आग्रहावरून नेमला, १९६७ मधे अहवाल आला, महाराष्ट्रानं तो मानला नाही, २००४ पासून प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे. लहानपणी घरी या गोष्टी जेवताना व्हायच्या, आप्पांचा घास हातातच राहायचा. १९५६ मधे कुणीतरी नकाशावर रेघ ओढली आणि आम्ही तिकडचे इकडं झालो, असं ते सांगायचे. 'झालो'. गेलो नाही, आलो नाही, झालो. त्याला इंग्लिशमधे ई लावून एखादा शब्द केला असता तर कसा झाला असता, माझ्या डोक्यात येतं कधी कधी.

पण मला परत काउंटरवर यायचंय. कारण या शोधाशोधीत नॉमिनीबद्दल एक गोष्ट कळली ती आईशी बोलायला हवी होती आणि अजून बोलले नाही. मी तिला सांगितलं होतं की ज्याचं नाव दिलं त्याला पैसे मिळतात. ते अर्धंच खरं आहे. बँकेच्या खात्याबद्दल सुप्रीम कोर्टानं २०१० मधे स्पष्ट सांगितलंय की नॉमिनीला पैसे हातात घ्यायचा हक्क असतो, मालकी त्यानं मिळत नाही, पैसे शेवटी वारसांचेच. म्हणजे नॉमिनी हा घेणारा नाहीच. तो सांभाळणारा. मधे हात धरून उभा राहणारा, की वाटेत काही सांडू नये.

आप्पांचे पैसे आले त्या दिवशी दादा म्हणाला होता, आई, आता तू हे खर्च कर, कुठं तीर्थाला जा, बांगड्या कर. आईनं पासबुक पदरानं पुसलं आणि आजोबांच्या त्या ट्रंकेत, एका पट्टीत गुंडाळून ठेवलं. "माझं हायत व्हय हे? मी नुस्तं ठिवलोय." आम्हाला वाटलं जुनी माणसं, त्यांना पैसा खर्चवत नाही. तिला कुठल्याही कोर्टाचा निकाल माहीत नव्हता. बत्तीस वर्षं कागदावर एका रकान्यात राहून तिनं त्या शब्दाचा जो अर्थ लावला होता तो माझ्या फळ्यावर नव्हता.

मग ती मला 'हीच की' म्हणाली तेव्हा ती मला काय देत होती? पैसे नाहीत हे नक्की. पैशाचं म्हणाल तर मला नकोत, दादा माझा चांगला आहे, दर महिन्याला आईला न मागता पाठवतो, उद्या काही झालं तर निम्मे माझ्यापुढं ठेवेल. मला त्याचा हेवा वाटत नाही, म्हणजे, वाटतो थोडा, पण तो या गोष्टीचा नाही. मी याच गावात राहते, दोन गल्ल्या सोडून, दवाखाना, गॅस, आधार कार्ड, सगळं मीच बघते, आणि घराच्या कागदांत माझं नाव कुठंच नाही, ते लग्नाच्या पत्रिकेत एकदा छापलं गेलं तेवढंच. आणि त्या सकाळी, एका परक्या शब्दाच्या शेवटच्या आवाजामुळं, आईच्या मनात माझ्यासाठी एक जागा आपोआप तयार झालेली होती. नॉमिनी बाई असते, घरात आता दुसरी बाई ही, म्हणून ही. विचारसुद्धा करावा लागला नाही तिला. मी तो शब्द दुरुस्त करून दिला. आणि शब्द दुरुस्त झाल्याबरोबर सगळं जिथं नेहमी जातं तिथं गेलं.

परवा त्या मुलाचा फोन आला. दादाच्या जन्मतारखेत फरक येतोय, आधार कार्डावर वेगळी, फॉर्मवर मी वेगळी लिहिलेली, नवा फॉर्म भरून द्या म्हणाला. वर हेपण म्हणाला, मॅडम, आता चार नावं चालतात, १ नोव्हेंबरपासून नियम बदललाय, प्रत्येकाला किती टक्के ते लिहायचं फक्त. १ नोव्हेंबर म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि दुसरीकडं मराठी लोकांच्या काळ्या दिनाचे काळे, आणि २०१४ मधे त्याच तारखेला बदललेलं गावाचं नाव, एवढं सगळं आलं, तो बिचारा नुसता बँकेचा नियम सांगत होता.

आईला टक्क्यांचं सांगितलं तर म्हणाली, "वाटणी कशाला घालालीस आताच. मी हाय की अजून." आणि आत जाऊन झोपली. फॉर्म इथं माझ्यासमोर टेबलावर आहे, वर पाण्याचा तांब्या ठेवलाय उडू नये म्हणून. नाव, पत्ता, ठेवीची रक्कम मी भरलीय. 'नामिती' लिहिलेल्या ओळीपुढची जागा तशीच आहे, आणि उद्या सकाळी दहाला बँक उघडते.